मृत्युपत्र लिहिले, पण ते अमलात कोण आणणार?

जबलपूरच्या उत्तरेला, अधारतालच्या पुढे महाराजपूर नावाची वस्ती आहे. कृषी विद्यापीठ जवळ, शहरात संरक्षण खात्याचे कारखाने आणि रेल्वे. त्यामुळे निवृत्त नोकरदारांची घरे या भागात पुष्कळ. त्यांत दोन-तीन पिढ्यांपासून इथेच स्थायिक झालेली मराठी घरेही आहेत. गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरून मला बोलावणे आले. माझ्या धाकट्या बहिणीला त्यांनी शिकवले, म्हणून आमच्या घरात सगळे त्यांना बाई म्हणतात. वय ७८, अविवाहित, आईवडील आणि एकुलता भाऊ केव्हाच गेलेले. भावाचा मुलगा परदेशात आहे; त्याला त्यांनी पाहिले त्यालाही वीस वर्षे उलटली.

चहा झाल्यावर बाईंनी एक फाइल माझ्यापुढे सरकवली. आत मृत्युपत्राचा मसुदा होता. घराचे काय करायचे, ठेवी कोणाला, पुस्तके कोणत्या संस्थेला, घरी काम करणाऱ्या बाईंच्या नऊ वर्षांच्या नातीचे शिक्षण कसे पुरे करायचे, सारे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. एक्झिक्युटरच्या नावाची जागा आली तिथे माझे नाव होते, पण पेन्सिलीने.

“भाऊ, तुम्ही हो म्हटलंत की शाईनं लिहीन,” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. पस्तीस वर्षे शासनाच्या सेवेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न अवघड वाटू नये, पण वाटला. त्यानंतर यावर जो विचार केला तो येथे मांडतो आहे, कारण बाईंची अडचण त्यांच्या एकटीची नाही. वृद्धांच्या स्थितीविषयी २०१७-१८ मध्ये देशभर जी मोठी पाहणी झाली, तिच्यानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोक एकटे राहतात. त्यांतल्या अनेकांना मुले असतील, बाहेरगावी असतील. ज्यांना कोणीच नाही, किंवा जे आहेत त्यांच्यावर काही सोपवता येत नाही, अशांची संख्या मात्र पुढच्या काळात वाढणारच.

एक्झिक्युटरला मराठीत रुळलेला शब्द नाही. कोणी व्यवस्थापक म्हणतात. आमच्याकडच्या हिंदी दस्तऐवजांत तो ‘निष्पादक’ असतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याने ते अमलात आणण्याची जबाबदारी ज्याच्यावर सोपवली, तो एक्झिक्युटर. मृत्यूनंतर मालमत्ता त्याच्या हाती येते, पण त्याची होत नाही. अंत्यसंस्काराचा खर्च भागवायचा, देणी आणि कर चुकते करायचे, येणी वसूल करायची, आणि उरेल ते लिहिल्याप्रमाणे ज्याचे त्याला पोचवायचे. न्यायालयातून प्रोबेट घेतले तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब द्यायचा. मुलेबाळे असलेल्या घरात ही सारी खटपट कोणी तरी न सांगता करत असतो, म्हणून ते एक स्वतंत्र काम आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. एकट्या माणसाच्या मागे ते उघडे पडते.

मृत्युपत्रच नसेल तर काय होते, हे आधी पाहू. बाईंच्या बाबतीत हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ सरळ त्या परदेशस्थ भाच्यापाशी जाऊन थांबेल. त्याला हे घर आठवतही नसेल, आणि जिने रोज त्यांचे हातपाय चेपले तिच्या नातीला एक रुपयाही मिळणार नाही. निपुत्रिक विधवेची स्थिती याहून विचित्र. तिने स्वतः मिळवलेली मालमत्ताही आधी पतीच्या वारसांकडे जाते. ‘ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण’ या २००९ च्या निकालातली स्त्री लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झाली होती. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले, आईवडिलांनी शिकवले, ती नोकरी करून स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचे शब्द पाळले आणि तिची कमाई सासरच्या नात्यात गेली. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, त्याच न्यायालयाने स्त्रियांना मृत्युपत्रे करून ठेवण्याचे आवाहन केले, ते असेच वाद टळावेत म्हणून. आणि कोणत्याही शाखेत, गोत्रजांत किंवा भिन्नगोत्रजांत, वारस सापडलाच नाही तर कलम २९ प्रमाणे मालमत्ता सरकारजमा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यावर नागपूरकर भोसल्यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि डलहौसीने पुढल्या वर्षी राज्य खालसा केले. डलहौसीच्या करणीत अन्याय होता, कलम २९ मध्ये तो नाही. कुणी तरी मालक असावाच लागतो. पण मृताची इच्छा दोन्हीकडे सारखीच निरुपयोगी ठरते.

तेव्हा मृत्युपत्र हवे, हे बाईंना कोणी सांगायला नको होते. प्रश्न माणसाचा होता. आपल्याकडे या बाबतीत पहिला विचार मनात येतो तो सचोटीचा. ‘शब्दाला जागणारा माणूस’ मिळाला की काम झाले, असे वाटते. महाराष्ट्रातल्या सर्वांत गाजलेल्या एक्झिक्युटरची कथा वेगळेच सांगते.

१८९७ च्या जुलैअखेरीस लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते जामिनावर सुटले, तेव्हा त्यांचे स्नेही, पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित कॉलऱ्याने शेवटच्या घटका मोजत होते. मृत्युपत्र झाले, टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांच्यासह काही जणांवर ते अमलात आणण्याची जबाबदारी आली, आणि ७ ऑगस्टला बाबामहाराज गेले. मागे पत्नी ताईमहाराज होत्या. त्यांना पुढे झालेला मुलगा वाचला नाही, त्यामुळे दत्तक घेण्याचा प्रश्न आला. १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले. त्यानंतर ताईमहाराजांचे मन फिरवले गेले. औरंगाबादचे दत्तक झालेच नाही, असे त्या म्हणू लागल्या, प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज झाला, कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक म्हणून पुढे आला. मृत मित्राचे काम करणाऱ्या टिळकांवर खोटी साक्ष आणि बनावट कागद असे फौजदारी आरोप आले. १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेटने १८ महिन्यांची शिक्षा सुनावली. मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दिवाणी दावा त्यानंतरही चालतच राहिला, मुंबईत उच्च न्यायालयात टिळक हरले, आणि अखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मध्यंतरी ते मंडालेची सहा वर्षे भोगून आले होते.

या खटल्यामागे सरकारचा टिळकांवरचा रोष होता, हे खरे. तो बाजूला ठेवला तरी मला त्यात दोन गोष्टी दिसतात. बाबामहाराजांनी टिळकांची सचोटी पाहिली. त्यांच्याकडे वेळ किती, त्यांचे शत्रू किती, ते उद्या तुरुंगात असतील की बाहेर, याचा विचार त्या आजारात होणे शक्य नव्हते. मृत्युशय्येवर केलेल्या नेमणुकीत नाही म्हणण्याची सोयही नसते. दुसरी गोष्ट अशी की मृत्युपत्रातले काम वाटणी करून संपणारे नव्हते. दत्तक, वाडा, इनामे, तरुण विधवा आणि दोन ठिकाणचे भाऊबंद अशा जिवंत माणसांचा संसार वर्षानुवर्षे सांभाळण्याचे ते काम होते. असे काम सज्जनालाही आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊ शकते.

बाईंच्या मसुद्यातही हे दुसरे दुखणे होते. त्या मुलीला पदवीपर्यंत दरवर्षी फीपुरते पैसे द्यावेत, असे त्यांनी लिहिले होते. मुलगी नऊ वर्षांची. बाईंना देवाने आणखी दहा वर्षे दिली तर उत्तमच, पण उद्या काही झाले तर एक्झिक्युटरला बारा-तेरा वर्षे पावत्या जमवत बसावे लागेल. मी ६७ वर्षांचा आहे. माझ्या पश्चात ते काम कोणाकडे जाणार? मी त्यांना सुचवले की ती रक्कम हयातीतच मुलीच्या नावे मुदत ठेवीत घाला, पालक म्हणून तिच्या आईचे नाव द्या, आणि मृत्युपत्रातून तो परिच्छेद काढून टाका. मृत्युपत्र असे असावे की चांगल्या एक्झिक्युटरला वर्ष-दीड वर्षात मोकळे होता यावे. कायद्यानेही वारसदानाची रक्कम देण्यासाठी मृत्यूनंतर एक वर्षाची मुदत त्याला दिलेलीच आहे.

वय हा मुद्दा आपल्याकडे फार कमी लोक विचारात घेतात. आपण आपल्याच पिढीतला माणूस निवडतो, कारण विश्वास त्याच्यावरच असतो. आल्फ्रेड नोबेल हाही अविवाहित. १८९५ मध्ये पॅरिसमध्ये केलेल्या मृत्युपत्रात त्याने नेमलेल्या दोघांपैकी राग्नार सोलमान हा तरुण अभियंता होता. नोबेल गेला तेव्हा तो जेमतेम २६ वर्षांचा. पुतण्यांचा विरोध, स्वीडनच्या राजाची नाराजी आणि अनेक देशांत विखुरलेली मालमत्ता यांना तोंड देऊन त्याने १९०१ मध्ये पहिली पारितोषिके दिली जातील अशी व्यवस्था उभी केली. साठीतल्या मित्राकडून हे झाले असते का, याची मला शंका आहे.

संमतीचे तेच. मृत्युपत्रात नाव घातले म्हणून कोणी बांधला जात नाही. नियुक्त माणूस न्यायालयात तोंडी किंवा लेखी नकार देऊ शकतो, आणि मग जी व्यक्ती आपल्या मनातही नव्हती तिच्या हाती कारभार जातो. बाईंनी मला आधी विचारले, हे त्यांचे शहाणपण. त्याखेरीज, पहिला माणूस आधी गेला किंवा नाकबूल झाला तर दुसरा कोण, हेही लिहून ठेवावे. मोबदल्याविषयी संकोच नको. इतरांचा वेळ फुकट आहे असे आपण धरून चालतो, म्हणूनच पुढे कामे रखडतात. ज्याला मालमत्तेचा मोठा वाटा मिळणार आहे त्यालाच एक्झिक्युटर करायला कायद्याची मनाई नाही, पण मृत्युपत्र तयार करण्यातही त्याने पुढाकार घेतला असेल तर न्यायालय त्याच्याकडे संशयाने पाहते. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून हे सूत्र पक्के आहे. एकट्या वृद्धांच्या भोवती अखेरच्या दिवसांत जमणारी माणसे पाहिली की या सूत्राचे मोल कळते.

गैरसमजही बरेच आहेत. बाईंना वाटत होते की बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे निम्मे काम झाले. नॉमिनी हा मालक नव्हे, बँकेकडून पैसे स्वीकारणारा. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितले. गेल्या १ नोव्हेंबरपासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. सोय झाली, पण मालकीचा प्रश्न होता तिथेच आहे. मुखत्यारपत्राचाही असाच घोटाळा. ते देणाऱ्याच्या श्वासाबरोबर संपते, आणि एक्झिक्युटरचा अधिकार त्याच क्षणी सुरू होतो. आजारपणात बाईंचे बँकेचे व्यवहार पाहणारा आणि त्यांच्या मागे मृत्युपत्र पाहणारा एकच असला तरी कागद दोन लागतील.

आता शासनाकडे वळतो, कारण एवढी पथ्ये पाळूनही ज्याला माणूसच मिळत नाही त्याने काय करावे? रतन टाटा २०२४ च्या ऑक्टोबरात गेले. तेही अविवाहित. त्यांच्या मृत्युपत्राला दोन सावत्र बहिणी, एक नामांकित वकील आणि एक जुना मित्र असे चार एक्झिक्युटर होते. श्रीमंताला नाते, कायदा आणि मैत्री अशी तिहेरी तटबंदी उभारता येते. बँकांना एक्झिक्युटर म्हणून काम करण्याची मुभा १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यातच आहे. पण महाराजपूरच्या एका घराचा आणि चार ठेवींचा कारभार घेऊन कोणती बँक बसणार?

गंमत अशी की यासाठी सरकारी यंत्रणा कागदावर केव्हापासूनची आहे. कंपनी सरकारच्या काळात इथे येऊन मरणाऱ्या युरोपियनांचे नातेवाईक सहा महिन्यांच्या जलप्रवासावर असत. त्यांची मालमत्ता सांभाळायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इलाख्यांच्या राजधान्यांत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरल हे पद निर्माण झाले. १९६३ च्या कायद्याने ते प्रत्येक राज्यासाठी ठेवले गेले, हाताखाली उपअधिकारी नेमण्याचीही तरतूद झाली. नातेवाईक दूर आहेत म्हणून निघालेली ही कचेरी आज आपल्या एकट्या वृद्धांच्या कामी यायला हवी होती. मी मात्र माझ्या उभ्या नोकरीत जिल्ह्यातून या पदाशी एकदा तरी पत्रव्यवहार केल्याचे मला स्मरत नाही. न्यूझीलंडने १८७२ मध्ये पब्लिक ट्रस्टचा कायदा केला. सामान्य नागरिकाने शासनालाच आपला एक्झिक्युटर नेमावे, ही कल्पना तिथे तेव्हाच रुजली. टिळक बाबामहाराजांच्या उशाशी बसले होते तेव्हा त्या कायद्याला २५ वर्षे झाली होती. इंग्लंडने १९०६ मध्ये तसाच कायदा केला. आपण प्रत्येक जिल्ह्यात एक उपअ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरल नेमावा, त्याची फी जाहीर असावी, आणि छोट्या मृत्युपत्रांत त्याला पदनामाने नेमता यावे. नवा कायदा फारसा लागणार नाही. माणसे आणि थोडा पैसा लागेल.

सरकार आधीच वारसदार असल्यासारखे वागते ही शंका कोणी घेईल, आणि ती निराधार नाही. खेतडीचे राजे सरदारसिंह १९८७ मध्ये गेले. संतती नव्हती, १९८५ च्या मृत्युपत्राने मालमत्ता एका न्यासाकडे जाणार होती. राजस्थान सरकारने बेवारस मालमत्तेच्या कायद्याखाली ताबा घेतला. एक्झिक्युटरांनी मागितलेले प्रोबेट दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०१२ मध्ये नाकारले, खंडपीठाने २०२३ मध्ये दिले, आणि राज्य सरकारचे आव्हान सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही ते २०२५ मध्ये. म्हणून सार्वजनिक एक्झिक्युटर महसूल खात्यापासून अलग, न्यायालयाच्या देखरेखीखाली असावा. तसे असेल तर हा आक्षेप पुष्कळसा मिटेल.

याची निकड आता अधिक आहे. मुंबई, कोलकाता, चेन्नई या जुन्या राजधान्यांशी निगडित असलेली प्रोबेटची सक्ती संसदेने गेल्या डिसेंबरात कलम २१३ वगळून काढून टाकली. आमच्या जुन्या मध्य प्रांतात ती कधीच नव्हती. मला हा बदल मान्य आहे. त्याने लोकांचा वेळ आणि पैसा वाचेल. मात्र न्यायालयाचा शिक्का नसताना सारी भिस्त एक्झिक्युटरवर येते, आणि त्याला कोणी ओळखत नाही. एका दिवंगत सहकाऱ्याच्या कामासाठी मी एका बँकेच्या शाखेत गेलो होतो. मृत्युपत्र नोंदणीकृत, साक्षीदार हयात, वाद कोणाचा नाही. तरी ‘प्रोबेट आणा’ हेच उत्तर चार वेळा मिळाले. कायद्यात जे नाही ते मागणे हा काउंटरवरचा सोपा बचाव आहे. बँका, गृहनिर्माण संस्था आणि तहसील कचेऱ्या यांनी विनावाद प्रकरणांत एक्झिक्युटरकडून कोणते कागद घ्यायचे, याची एकच यादी केंद्राने ठरवून द्यावी. दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ज्या निधीत जातात, त्यात मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपये होते. ते सगळे मृतांचे नाहीत, हे उघड आहे. काही तरी मात्र अशाच काउंटरवरून परत गेलेल्या माणसांचे असणार.

आणखी एक तरतूद मला महत्त्वाची वाटते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ४२ प्रमाणे कोणालाही आपले मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. आत काय आहे ते निबंधकालाही कळत नाही. तिजोरीत पडलेली अशी जुनी पाकिटे मी पाहिली आहेत. ठेवणारा वारला की कोणी तरी अर्ज करायचा, मग पाकीट उघडले जाते. ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी अर्ज कोण करणार? १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यूच्या नोंदीसाठी राष्ट्रीय पातळीवर माहितीसाठा ठेवण्याची तरतूद लागू झाली आहे. ती नोंद आणि निबंधकाकडची पाकिटांची वही एकमेकांना जोडली, तर मृत्यूची नोंद होताच निबंधकाला सूचना जाईल आणि तो एक्झिक्युटरला पत्र पाठवू शकेल. त्यासाठी पाकिटावर एक्झिक्युटरचे नाव व पत्ता असावा, एवढीच नियमात भर. जिल्ह्यातला एक लिपिक हे करू शकतो.

ज्या अधारतालावरून या भागाचे नाव पडले तो तलाव राणी दुर्गावतीचे दिवाण अधार कायस्थ यांच्या नावाचा आहे. दलपतशहाच्या मृत्यूनंतर वारस अज्ञान होता, आणि राणीने राज्य चालवले ते रक्ताच्या नात्याबाहेरच्या या माणसाच्या आधाराने. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या हसल्या, म्हणाल्या, “मला राज्य नाही चालवायचं भाऊ, घर विकायचंय.”

महिनाभराने मी त्यांच्याकडे गेलो. माझे नाव खोडून त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीचे नाव शाईने लिहिले. ती ४४ वर्षांची, जबलपुरातच नोकरी करणारी, हिशेबाला चोख. बाईंनी तिला दोनदा विचारले आणि दुसऱ्यांदा विचार करायला आठवडा दिला. कामाचा मोबदला म्हणून ठरावीक रक्कम मसुद्यात आली आहे. मुलीची मुदत ठेव झाली. साक्षीदारांत मी आहे. पाकीट घेऊन आम्ही दोघे निबंधक कार्यालयात गेलो तेव्हा वही शोधायला तासभर लागला. मिळाली त्यातली शेवटची नोंद बरीच जुनी होती. राखीव एक्झिक्युटरची जागा बाईंनी रिकामीच ठेवली आहे. त्यासाठी पुन्हा नवे पाकीट करावे लागेल हे मी त्यांना सांगितले, आणि त्या कोणाला विचारायचे याचा अजून विचार करत आहेत.